उचलायचं नाही

पहिलं एक सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. मी मालिशवाली नाही.

एकतीस वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी केली, नवी मुंबईतल्या एकाच हॉस्पिटलात. या एकतीस वर्षांत पेशंटच्या नातेवाइकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न कोणता असेल? "मॅडम, तेल आम्ही आणायचं का तुम्ही आणता?" सुरुवातीला मी समजावून सांगायची. मग चिडायला लागले. शेवटी शेवटी म्हणायची, "तेल ठेवा भजी तळायला, मला पेशंट द्या." वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या, म्हात्रे मॅडमच्या जिभेला व्यायामाची गरज नाही. नाहीच आहे. संपादकांनी मला 'आजारातून उभारी' असं काहीतरी गोड लिहायला सांगितलंय. गोड मला जमत नाही, जे झालं ते लिहिते.

माझ्याकडे जास्त करून लकव्याचे पेशंट यायचे. कोणी अर्धांगवायू म्हणतं, कोणी पॅरालिसिस, कोणी नुसतं 'अंगावरून वारं गेलं' म्हणतं. गोष्ट एकच. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि शरीराची एक बाजू बंद पडते. हात तिथेच असतो, पाय तिथेच असतो, पण त्यांना हुकूम पोचत नाही. आमचं काम एवढंच, की मेंदूला दुसरी वाट शोधायला लावायची. आणि वाट चालल्याशिवाय पडत नाही. पेशंटने उठायचं, बसायचं, परत उठायचं, शंभर वेळा, हजार वेळा, आणि त्याचं त्यानेच. मी त्याचा पाय हलवला तर व्यायाम माझा होतो, त्याचा नाही. इतकं साधं आहे, आणि एवढं पटवण्यात माझी हयात गेली.

डॉक्टर जीव वाचवतात, त्यांना माझा नमस्कार. पण आठव्या-दहाव्या दिवशी डिस्चार्ज होतो, नातेवाईक पेढे वाटतात, रिक्षा बोलावतात, आणि खरा आजार त्या दिवसापासून सुरू होतो. गेटच्या आत मशिनी, सलाइनं, राउंड, सगळं. गेटच्या बाहेर ठणठणगोपाळ. आमच्या कागदावर एक रकाना होता, 'डिस्चार्जनंतर कुठे?' सिस्टर न विचारताच तिथे 'घरी' लिहायची. घरी म्हणजे कुठे, हे मी विचारायची. कितवा मजला? लिफ्ट आहे? संडास कसला? दिवसा घरात कोण असतं? पलंगाची कोणती बाजू भिंतीला लागते? लोकांना वाटायचं, बाईला भाड्याने खोली हवी असेल.

मी पाहिलंय ते कुठे कुठे जातात. पाम बीच रोडच्या टॉवरमध्ये गेलेल्या एका साहेबांना चोवीस तासांची माणसं ठेवली होती. हाताशी बेल दिली. पाणी हवं, बेल. कूस बदलायची, बेल. सहा महिन्यांनी साहेबांचा एक अंगठा मजबूत झाला, बेलपुरता. घणसोलीकडच्या माझ्याच नात्यातल्या एका काकांना खालच्या हॉलमध्ये ठेवलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला बघता यावं. येणारा प्रत्येक जण एक औषध घेऊन आला. कोणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. कबुतर मेलं, काका तसेच राहिले.

आणि दिघ्याची एक बाई. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. दहा बाय दहाची खोली, नवरा आणि दोन्ही पोरी दिवसभर कामावर. तिला म्हटलं होतं, शनिवारी येते. त्या शनिवारी गेले नाही, पुढच्याही नाही. गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती, गुडघा वाकून तसाच आखडलेला. तिने मला ओळखलं आणि तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं. अर्धा तास मी तिच्या पाठीकडे बघत बसले. हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं त्यात या बाईचा हात आहे.

मारुती कदम माझ्याकडे आले ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात, दिवाळी संपल्या संपल्या. वय छप्पन्न. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, म्हणजे पाठीवरून पोती वाहणारे. गाव जावळीच्या डोंगरातलं. डावी बाजू गेलेली, तोंड जरा वाकडं, जीभ मात्र ठणठणीत. पहिल्या दिवशी मी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं तर म्हणतात, "मॅडम, ह्यो डावा हात कुनाचा हाय त्याला घिऊन जायाला सांगा. सारका माझ्या अंगावर पडतुया."

"तुमचाच आहे, दादा. बदलून मिळत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले. असा माणूस.

डिस्चार्जच्या दिवशी पलंगाभोवती तीन मतं उभी होती. डॉक्टर म्हणाले, पनवेलच्या पुढे एक सेंटर आहे, तिथे ठेवा. तसली सेंटरं मला माहीत आहेत. चांगली दोन-चार असतीलही, पण बहुतेक ठिकाणी माणूस स्वच्छ राहतो, वेळेवर जेवतो, टीव्ही बघतो, आणि तिथेच राहतो. दुसरं मत दत्तूचं. दत्तू हा मारुतीदादांचा मेहुणा, गावाकडे जीप चालवणारा. "दाजींना गावाला नेतो. घरचं दूध हाय, बहीन हाय माजी, म्हातारी आई हाय. बसून खाऊ द्या की आता." मनाने चांगला माणूस, डोळ्यात पाणी होतं. तिसरे होते सदाशिव तात्या, मारुतीदादांच्या टोळीचे मुकादम. ते एवढंच म्हणाले, "खोलीवर नेतो."

ही खोली काय ते सांगायला हवं. कोपरखैरण्यात दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या गावच्या मंडळाने कधी काळी घेतलेली एक लांबोडकी खोली. बायकापोरं गावाला, आणि इथे बारा पुरुष एकत्र राहतात. भिंतीला बारा खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली एक ट्रंक. तुमची खुंटी म्हणजे तुमचं नवी मुंबईतलं घर. स्वयंपाकाची प्रत्येकाची पाळी, दाराशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेली. ज्याची पाळी त्याने सकाळी बारा जणांच्या भाकऱ्या थापायच्या, कालवण करायचं. आणि मंडळाचा नियम असा, की दिवाळीपासून चैत्रातल्या जत्रेआधीच्या मिटिंगपर्यंत ज्याने एकही पाळी दिली नाही त्याची खुंटी गावाकडून नव्याने येणाऱ्याला. दुष्टपणा नाही हा. खुंट्या बारा आणि गावाला वाट बघणारे कितीतरी.

मारुतीदादांनी मला हाताने जवळ बोलावलं. "मॅडम, खोलीतनं वारं गेलेली चार जनं गावाला गेली. एकबी परत आला न्हाई. घर डोंगरावर हाय आमचं, गाडी खालीच थांबती. वर न्हेला त्यो वरच. मला माजी खुंटी पायजे."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुसरा मजला, लिफ्ट नाही, बारा पुरुष. याला घर म्हणतात का, मॅडम?"

मी म्हटलं, "डॉक्टर, पाम बीचला लिफ्ट होती. दिघ्याला घर होतं. इथे चोवीस हात आहेत, आणि कामाच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे दिवसभर कोणी ना कोणी खोलीत. जबाबदारी माझी." आणि सिस्टरच्या हातातलं पेन घेऊन रकान्यात लिहिलं, 'खोलीवर.' जिंकल्यासारखं वाटलं मला. सांगून ठेवते, असं वाटलं की समजावं आपण कुठेतरी माती खाणार आहोत.

पहिल्या आठवड्यात एकदा जाऊन आले. कॉट कुठे लावायची, डाव्या कुशीखाली उशी कशी ठेवायची, सगळं दाखवलं आणि निघताना म्हटलं, "नीट काळजी घ्या." त्यानंतर आमच्या खात्यातल्या दोघी नोकरी सोडून गेल्या आणि माझे रविवार हॉस्पिटलने खाल्ले. फोन मात्र दर रविवारी करायची. तात्यांचं उत्तर ठरलेलं. "येकदम ओके, मॅडम. रोज खाली नेतुया. उनात बसतुया, चा पितुया, समद्यांशी गप्पा मारतुया. काय टेन्शन घिऊ नगा." रोज दोन मजले उतरणं आणि चढणं! मी डॉक्टरांना राउंडमध्ये मुद्दाम ऐकवलं. ते फाइलीत डोकं घालून पुढच्या पलंगाकडे गेले, तेव्हा तर मला आणखीच मजा वाटली.

पाचव्या रविवारी गेले. गल्लीत वळते तर जिन्याच्या दारातून टोळीतला एक दणकट गडी बाहेर आला. कमरेत वाकलेला, डोक्यावर टॉवेल, आणि पाठीवर मारुतीदादा. मागून दुसरा पाय सांभाळत होता आणि पुढून तिसरा ओरडत होता, "साइड, साइड!" चहाच्या टपरीजवळ खुर्ची मांडली होती. तिच्यावर त्यांनी दादांना असं ठेवलं की खुर्चीचा आवाजसुद्धा झाला नाही. मग सगळे माझ्याकडे बघून हसले. शाबासकी हवी होती त्यांना.

मी खाली बसून मारुतीदादांच्या चपला काढल्या. तळवे लहान बाळाचे असतात तसे मऊ. पाच आठवड्यांत पाय जमिनीला लागलेले नव्हते. आंघोळीला उचलून, संडासला उचलून, खाली उन्हात बसायला उचलून. डाव्या खांद्याला हात लावला तर सांध्यात दोन बोटं जातील एवढी फट पडलेली, कारण उचलताना काखेत हात घालून ओढायचे.

मग माझा तोल गेला. भर गल्लीत ओरडले, "कोणी सांगितलं होतं उचलायला?" खिडक्या उघडल्या. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

तात्या खरंच गोंधळले. "मॅडम, आमचं मानूस हाय. आमी बारा जनं असताना त्याचा पाय भुईला लागू द्यायचा? लोक काय म्हंतील आमास्नी?"

मला माझी आई आठवली. ती मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. लग्नात, मयतात, कोणाच्या अडीअडचणीत ती जायची आणि पहिलं काय करायची, तर कोणाच्या तरी डोक्यावरचं ओझं उतरवून आपल्या डोक्यावर घ्यायची. हीच तिची माया. मला कळायला हवं होतं. ज्यांचा जन्म ओझं उचलण्यात गेला त्यांना मी 'काळजी घ्या' म्हणून निघून गेले होते, आणि त्यांनी त्यांना येत होती तशी काळजी घेतली. साहेबांना बेल मिळाली होती, मारुतीदादांना पाठ मिळाली. शेवटी एकच. लाज वाटली मला.

"चूक माझी," मी म्हटलं. "पण आता तुम्ही निस्तरायची. आजपासून उचलायचं नाही. हात लावायचा नाही. एकाने डाव्या बाजूला उभं राहायचं, डोकं आपटेल असं वाटलं तरच धरायचं. बाकी पडू दे, धडपडू दे, एक तास लागू दे."

मग खुर्चीतून आवाज आला. "मला इचारलंत का कुनी?"

मी म्हटलं, "विचारते. काय म्हणता?"

"पस्तीस वरसं म्या वझं उचललं," मारुतीदादा म्हणाले. "आन म्हैनाभर मीच वझं झालोय. रोज ह्यांच्या पाठीवरनं उतरताना वाटायचं, थप्पी लावतील की काय माजी. लाजंनं मेलो हुतो, पर बोलनार कुनाला? जीव लावत्यात ना भाडखाव." आणि रडायला लागले. रडता रडता तात्यांना आणखी दोन शिव्या दिल्या.

तात्या नियमाचे माणूस. त्यांनी त्याच संध्याकाळी फळ्यावर लिहिलं: 'मारुतीला हात लावणाऱ्याने एकट्याने जादा पाळी देणे.' आधीच खूप काम करून आलेल्या माणसाला बारा जणांच्या भाकऱ्या म्हणजे काय शिक्षा आहे, ते थापणाऱ्यालाच कळेल. पहिल्या आठवड्यात तिघांनी जादा पाळी दिली. माणसाचा हात नुसता आपोआप पुढे जायचा. मग ते हात पाठीमागे बांधून उभे राहायला लागले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

आता मीही हट्टाला पेटले. रोज ड्यूटी संपली की तासभर खोलीवर. दादांच्या डाव्या खांद्याला झोळी बांधली. पण खरी अडचण उठण्याची होती. बसलेल्या माणसाला उठायचं तर आधी पुढे वाकावं लागतं, वजन पायांवर यावं लागतं. लकव्याचा माणूस पडायच्या भीतीने मागे रेलतो, आणि मागे रेललेला माणूस जन्मात उठत नाही. मी घसा फोडून सांगत होते, "नाक पुढे, दादा, गुडघ्यांच्या पुढे नाक आणा." दोन आठवडे नाक काही पुढे येईना. 'अग्गं, न्हाई जमत' म्हणून दादा मागे पडायचे.

एक दिवस तात्या बराच वेळ बघत बसले होते. म्हणाले, "मॅडम, मला जरा बोलू देनार का?" मग कॉटसमोर उकिडवे बसले. "मारत्या, पाठीवर कांद्याचं पोतं दिलंय. उठ."

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मारुतीदादांची पाठ आपोआप वाकली. मान खाली गेली, छाती मांड्यांवर आली, उजवा हात गुडघ्यावर टेकला, तोंडातून 'हूं' असा आवाज आला, आणि माणूस उभा राहिला. डावा पाय लटपटत होता, पण उभा. चार-पाच श्वास घेतले आणि बसले. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "आजून येक पोतं!" त्या दिवशी त्यांनी अकरा पोती उचलली. मी पदवी घेतली, कोर्स केले, पण हे वाक्य मला एका मुकादमाने दिलं. पुढे मी ते सगळ्यांना वापरलं. सीवूड्सच्या एका प्राध्यापिकाबाईंनासुद्धा म्हटलं, "मॅडम, पाठीवर पोतं आहे असं समजा." उठल्या की!

फाल्गुनात एकदा ते कॉट आणि ट्रंकेच्या मधे घसरून खाली बसले. मी तिथेच होते, खोलीत सहा जण होते. सहाच्या सहा धावले. तात्या ओरडले, "हात मागं!" सहा जण थांबले. एकेकाच्या दंडाचे स्नायू फुगलेले, दोन बोटांनी उचलतील असं ओझं पायाशी पडलेलं, आणि हात पाठीमागे. मी नुसतं बोलत होते, "ट्रंक धरा. उजवा गुडघा टेका. आता पोतं." तीन वेळा चुकलं. स्टोव्हवरचा चहा आटला, दुसरा ठेवला, तोही उकळून गेला. एक जण भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. चौथ्या वेळी मारुतीदादा ट्रंकेला धरून उठले आणि कॉटवर बसले. घामाने निथळत होते. म्हणाले, "बगत काय बसलाय? चा द्या." मला दिघ्याच्या बाईची भिंत आठवली. तिच्यापाशी कोणीच उभं नव्हतं, हात मागे घेऊनसुद्धा नाही.

चैत्र आला, तोवर दादा काठी घेऊन खोलीभर चालायला आणि दोन-चार पायऱ्या उतरायला-चढायला लागले होते. मिटिंगच्या रविवारी मी सकाळीच पोचले, तर खाली दत्तूची जीप उभी. जत्रेला माणसं न्यायला आला होता आणि जीपच्या टपावर एक नवी कोरी खाट बांधलेली. "दाजींसाठी घेतली," मला म्हणाला. "खुंटी तर आज जानारच. मग न्हेतोच."

वर फळ्यावर त्या दिवसाच्या पाळीला नाव होतं, मारुती कदम. परात सरकू नये म्हणून तिच्याखाली मी सांगितल्याप्रमाणे ओलं फडकं घातलेलं. दादा पाटावर बसलेले, काठी शेजारी, डावा हात मांडीत. उजव्या हाताने पाणी घालायचं, त्याच हाताने मळायचं, त्याच हाताने थापायची. पहिल्या चार तुटल्या. "त्या मी खातो, मधी बोलू नगा," म्हणाले. पाचवी तव्यावर पोचली. आकार म्हणाल तर काय सांगू, पण भाकरी होती. सकाळी सातला बसलेला माणूस बाराला उठला. चोवीस भाकऱ्या. बाकीचे अकरा जण भिंतीला टेकून बसले होते, एकानेही पीठसुद्धा पुढे सरकवलं नाही.

जेवतानाच मिटिंग झाली. तात्यांनी विचारलं, "मारुती कदमाची पाळी झाली का?" भरल्या तोंडाने सगळे म्हणाले, "झाली!" खुंटी राहिली. दत्तू भाकरी चावत म्हणाला, "जरा जाड हाय." पण दुसरी मागून घेतली.

मग मारुतीदादा म्हणाले, "पाव्हणं, जत्रंला येतो मी. आठ दिस ऱ्हातो. फुडच्या रईवारी हितं आनून सोडायचं. आन ती खाट आईला व्हईल."

उतरायला लागले. जिन्याचं आमचं एक साधं सूत्र आहे, चढताना शहाणा पाय आधी, उतरताना वेडा पाय आधी. काठी, वेडा पाय, शहाणा पाय. काठी, वेडा पाय, शहाणा पाय. वर अकरा जण कठड्यावरून वाकलेले, हात मागे. मी दोन पायऱ्या खाली, डावीकडे. दत्तूने हात पुढे केला तर दादांनीच त्याला दरडावलं, "लावायचा न्हाय!" शेवटून दुसऱ्या पायरीवर काठी जरा हलली, अंग डावीकडे झुकलं, आणि मी झटकन त्यांना कमरेला धरलं.

वरून अकरा जणांनी एकच ओरडा केला, "हात लावला! मॅडमनी हात लावला!"

"अहो, पडत होते ते!"

"मी दम खात हुतो," मारुतीदादा थंडपणे म्हणाले. तात्या वरूनच बोलले, "फळ्यावर लिवलंय, मॅडम. म्होरल्या रईवारी जादा पाळी." एकतीस वर्षांची नोकरी, आणि मी शेवटून दुसऱ्या पायरीवर फसले.

पुढच्या रविवारी मी गेले, शिक्षा भोगायला. आठवडाभर झोप नव्हती नीट. गाव सोडत नाही माणसाला. बायको म्हणणार, आई रडणार, खाट तयार. खोलीत शिरल्या शिरल्या मी पहिल्यांदा खुंटीकडे बघितलं. रिकामी होती. तात्यांनी परात पुढे सरकवली. मी आगरी बाई, जन्मभर तांदळाची भाकरी केलेली. पिठाची उकड एकदाच काढायची आणि सगळ्या थापायच्या. मी तशीच सगळी ज्वारी एकदम मळून ठेवली. पहिली भाकरी उचलली, तिचे तीन तुकडे. दुसरी तव्यापर्यंत गेली आणि मधोमध फाटली. कोणी हसलं नाही, म्हणजे सगळे माझ्यासारखंच खुंटीकडे बघत होते.

मग जिन्यातून आवाज आला. काठी, पाय, पाय. थांबला. काठी, पाय, पाय. खोलीतला एकही माणूस दारापर्यंत गेला नाही. किती वेळ गेला कोण जाणे, तव्यावरची भाकरी करपली. मारुतीदादा दारात आले, घामाघूम. मागे दत्तू, हातात त्यांची पिशवी, तोंडावर हरल्याचं हसू. दादांनी एका हाताने वरचा सदरा काढला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा खुंटीला अडकवला. मग माझ्यासमोर पाटावर येऊन बसले आणि परातीत डोकावले.

"मॅडम, जोंधळ्याचं पीठ आसं समदं मळून ठेवत न्हाईत. येका भाकरीपुरतं मळायचं. आन जोर हातात न्हाई, पाठीत. म्होरं वाका."

मी पुढे वाकले. तरी उंडा चिरफाळला. अजून चोवीसच्या चोवीस बाकी होत्या. मी मदतीच्या आशेने त्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला. डावा काही आपण होऊन मागे जाईना, म्हणून उजव्याने त्याचं मनगट धरलं, त्यालाही ओढून मागे नेलं, आणि बाकीच्या अकरा जणांसारखे ताठ बसले.

"हात लावायचा न्हाय," म्हणाले. "थापा."